समुद्र सांगून खवळतो

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझची चौकशी आता मध्यमवर्गीय घरांतूनही होऊ लागली आहे. त्यात नवल नाही. आजी-आजोबांना फार चालावे लागत नाही, मुलांना पोहण्याचा तलाव मिळतो, सामान एकदा केबिनमध्ये टाकले की रोज हॉटेल बदलण्याची यातायात नाही. सरकारलाही हा व्यवसाय वाढवायचा आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरातून ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू झाले आणि २०२९पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. सप्टेंबर २०२५मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटनही झाले. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच भर समुद्रात रात्र काढणारी कितीतरी कुटुंबे येत्या काही वर्षांत या धक्क्यावरून निघतील. त्यांना दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींत समुद्र निळा आणि सपाट असतो. तो नेहमी तसा नसतो, हे तिकीट विकताना सहसा कोणी सांगत नाही.

हे सांगायला हवे, आणि ते भीती घालण्यासाठी नव्हे. नीट देखभाल असलेले मोठे प्रवासी जहाज खवळलेल्या समुद्रात सहसा धोक्यात नसते. हाल होतात ते आतल्या माणसांचे. आणि त्यातले बरेचसे टाळता येण्यासारखे असतात, कारण समुद्र क्वचितच न सांगता खवळतो. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था लाटांची उंची, त्यांची दिशा आणि वाऱ्याचा वेग यांचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज देत असते. हवामान खात्याचे इशारे वेगळे. मच्छीमारांना ही माहिती त्यांच्या भाषेत पोहोचवली जाते आणि कप्तानाकडे तर ती आणखी तपशिलाने असते. जे कोळ्याला आणि कप्तानाला ठाऊक आहे, ते लहान मुले आणि म्हातारी माणसे बरोबर घेऊन, पैसे मोजून निघालेल्या प्रवाशाला ठाऊक नसावे, हे बरोबर नाही.

आकाश स्वच्छ, वारा मंद, तरी जहाज का डोलते, हा नवख्या प्रवाशाचा हमखास प्रश्न. वारा किती जोराचा आहे, किती वेळ वाहिला आणि पाण्याच्या किती लांब पट्ट्यावरून वाहिला, या तिन्हींवर लाट ठरते. मात्र एकदा उठलेली लाट वारा पडला म्हणून बसत नाही. ती शेकडो, कधी हजारो किलोमीटर जाते. वाऱ्याच्या तावडीतून सुटून निघालेल्या अशा लांबलचक, गुळगुळीत पाठीच्या लाटांना दर्यावर्दी ‘स्वेल’ म्हणतात. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या स्वेल काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात, तेव्हा स्थानिक वारा नसतानाही किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरते. आपल्याकडे हिवाळ्यात अरबस्तानच्या बाजूला वाहणाऱ्या ‘शमाल’ वाऱ्यांच्या लाटा वायव्येकडून महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केला आहे. म्हणून थंडीतल्या ऐन लख्ख उन्हात, गोव्याच्या वाटेवर, ताटातले सूप एका कडेला जाऊ लागले तर त्यात आश्चर्य मानायला नको.

पावसाळ्यात समुद्रावर जाऊ नये, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, गेटवे ते मांडवा बोटी बंद होतात आणि जुन्या काळी मुंबई-गोवा कोकण बोटीही पावसाळ्यात धक्क्याला लागत नसत. लक्ष द्यायला हवे ते हंगामाच्या दोन टोकांकडे. अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने होतात ती मोसमी पावसाच्या आधी आणि पाऊस सरल्यावर, म्हणजे मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास. ‘तौक्ते’ मे २०२१मध्ये मुंबईसमोरून गेले. ‘ओखी’ने २०१७च्या नोव्हेंबरअखेरीस आणि डिसेंबरच्या आरंभी लक्षद्वीपला झोडपले. आपल्या शाळांच्या सुट्ट्या मे आणि दिवाळीच्या. कुटुंबाला एकत्र निघायला सवड मिळते ती नेमकी याच दिवसांत. वादळ चारशे किलोमीटरवर असले तरी त्याच्या लाटा येतात, त्यामुळे ‘वादळ आपल्याकडे येत नाही’ एवढ्यावर निश्चिंत होता येत नाही.

अंदाज वाचायचा कसा, हेही थोडे समजून घ्यायला हवे. अडीच ते चार मीटर लाटा असल्या, की समुद्र ‘खवळलेला’ या वर्गात धरतात आणि चार ते सहा मीटर असल्या की ‘अतिशय खवळलेला’. पण अंदाजातला हा आकडा सगळ्यात उंच लाटेचा नसतो. सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अंदाज तीन मीटरचा असेल, तर एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पटही येऊ शकते. रात्री जहाज बराच वेळ संथ डुलत असते आणि मध्येच एक दणका बसून कपाटातले हँगर खणखणतात, त्याचा उलगडा इथे होतो.

जहाज या लाटा कसे सोसते? आडव्या बाजूने आलेल्या लाटेने ते डावी-उजवीकडे कलते. समोरून आलेल्या लाटेने नाक वर-खाली होते. आणि संपूर्ण जहाज उचलले जाऊन खाली बसते ते वेगळेच. कलणे कमी करण्यासाठी क्रूझ जहाजांच्या पोटाशी दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात. त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. जहाज वेगात असताना ते पंख पाण्याच्या दाबाने कल सावरून धरतात आणि कलणे खूपच कमी होते. नाक वर-खाली होणे आणि उचलले जाणे मात्र त्यांना थोपवता येत नाही. म्हणून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हालचाल सगळ्यात कमी जाणवते, तर पुढच्या टोकाला आणि वरच्या मजल्यांवर सगळ्यात जास्त. घरात कोणाला बोट लागण्याचा त्रास असेल, तर वरच्या मजल्यावरच्या, पुढच्या, बाल्कनीच्या महागड्या केबिनसाठी जादा पैसे मोजण्यात शहाणपण नाही. ही साधी गोष्ट बुकिंग करणाऱ्या एजंटाने सांगितली तरी अनेकांची रात्र सुखाची होईल.

एकाच केबिनमध्ये झोपलेल्या एका कुटुंबावर एकच लाट वेगवेगळा परिणाम करते, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी सांगितली जाणारी गोष्ट. बोट लागते ती पोटामुळे नव्हे, कानामुळे. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की शरीर वर-खाली होत आहे. डोळ्यांना दिसणारी केबिनची भिंत सांगते की काहीच हललेले नाही. ही विसंगती मेंदूला सोसत नाही. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, ही संथ लय माणसाला सर्वाधिक त्रास देते, असे प्रयोगांतून दिसले आहे. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना तो सर्वाधिक होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, आणि अर्धशिशी असणाऱ्यांना तर आणखी अधिक. वय वाढते तसा तो कमी होत जातो. त्यामुळे घरात सगळ्यांना काळजी वाटत असते आजीची, आणि आजी शांतपणे चहा पीत बसलेली असते. कोपऱ्यात चुपचाप झालेला नऊ वर्षांचा नातू मात्र पांढराफटक पडत चाललेला असतो.

मूल थेट ओकत नाही. आधी ते जांभया देते, बोलेनासे होते, खेळातून लक्ष उडते, कपाळावर गार घाम येतो. याच वेळी त्याच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा, त्याला जहाजाच्या मधल्या भागात न्यावे आणि डेकवर जायची परवानगी असेल तर दूरच्या क्षितिजाकडे पाहत बसवावे. तेही जमत नसेल तर डोळे मिटून आडवे करावे. ओकारी सुरू झाल्यावर गोळी दिली तर ती पोटात राहत नाही. गोळी घ्यायची ती जहाज सुटण्याआधी किंवा समुद्र उठणार असे कळताच, आणि कोणती, किती, हे घरून निघतानाच डॉक्टरांना विचारून ठरवायचे. प्रोमेथाझिनसारखे औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. या वर्गातल्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांना त्या अपायकारक ठरू शकतात. शेजारच्या केबिनमधल्यांनी प्रेमाने दिलेली गोळी घरातल्या सगळ्यांनी मिळून घेणे, हे म्हणून टाळायला हवे. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. बुफेचे पैसे भरलेत म्हणून त्या रात्री जड जेवण्याचा आग्रह कोणी कोणाला करू नये.

हा त्रास दोन-तीन दिवसांत पुष्कळसा ओसरतो, कारण मेंदू त्या लयीला सरावतो. पण आपल्याकडच्या बहुतेक सहली दोन-तीन रात्रींच्याच असतात. शरीर सरावते तोवर सहल संपलेली असते. दहा दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला पहिली रात्र वाईट गेली तरी पुढचे दिवस हाती असतात. मुंबई-गोवा करणाऱ्या कुटुंबाला तशी सवड नाही, म्हणून त्याने आधीच तयारीने निघावे. आणि उलट्यांबरोबर जुलाब किंवा ताप असेल, तर ते बोट लागणे नव्हे. नोरोव्हायरससारखा संसर्ग जहाजावर झपाट्याने पसरतो. अशा वेळी संकोच न करता जहाजावरच्या डॉक्टरांना सांगावे.

आजीला बोट लागत नाही हे खरे, पण समुद्र तिला दुसऱ्या वाटेने गाठतो. मध्यरात्री ती बाथरूमला उठते. बाथरूमच्या दाराला अनेक जहाजांवर उंच उंबरठा असतो. अंधारात तिचा एक पाय उंबरठ्याच्या आत, दुसरा बाहेर, आणि त्याच क्षणी जमीन पायाखालून सरकते. हाडे ठिसूळ झालेल्या वयात खुब्याचे हाड मोडायला एवढे पुरते, आणि सगळ्यात जवळचे मोठे रुग्णालय कित्येक तासांवर असते. म्हणून अशा रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा, पायात घट्ट बसणारे सपाट बूट असावेत, एक हात सतत कठड्यावर असावा, जिना शक्यतो टाळावा आणि म्हातारीला एकटीला उठू देऊ नये. मुलांच्या बाबतीत धोका दारांचा. जहाजाची दारे जड असतात आणि डोलताना आपोआप, प्रचंड जोराने मिटतात. दाराच्या फटीत बोटे चिरडण्याचे अपघात टाळण्यासाठी मुलांना पहिल्याच दिवशी दाराची मूठच धरायला शिकवावे. बंकवर वर झोपलेल्या मुलाला त्या रात्री खाली घ्यावे.

जहाजावरचे कर्मचारी काय करतात, हे पाहिले तरी पुढे काय येणार ते कळते. तलावातले पाणी कमी करून त्यावर जाळी ताणली जाते. बाहेरच्या डेकची दारे बंद होतात. जिन्याच्या कठड्यात ठरावीक अंतरावर कागदी पिशव्या खोचल्या जातात. काचेची भांडी मांडणीवरून उतरतात, आणि जेवणघरात हिरवी सफरचंदे आणि कोरडी बिस्किटे येतात. ही माणसे हे सगळे निमूटपणे करतात. त्यांत गोव्याचे आणि कोकणातले तरुणही बरेच असतात. ज्या रात्री प्रवासी अंथरुणाला खिळतात, त्या रात्री त्यांचे काम दुप्पट होते. पोटात ढवळत असतानाही ते जिन्यावरची ओकारी पुसत असतात. त्यांच्यावर आवाज चढवण्याआधी एवढे ध्यानात असावे.

मोठ्या जहाजांवर समुद्रामुळे माणसे जखमी होतात ती कशाने, हे तपासांतून पुढे आले आहे. ३० जुलै २००८ रोजी ‘पॅसिफिक सन’ हे जहाज वानुआतूहून ऑकलंडला परतताना वादळात जोराने कलले. ७७ जण जखमी झाले. जहाज बुडण्याच्या बेतात नव्हते. दालनांतले बरेचसे फर्निचर जखडलेले नव्हते, ते एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत माणसांसकट घसरत राहिले. नोव्हेंबर २०२३मध्ये बिस्केच्या उपसागरात ‘स्पिरिट ऑफ डिस्कव्हरी’ हे जहाज वादळातच अचानक वळून थांबले आणि सुमारे १०० जणांना इजा झाली. याउलट १८ जुलै २००६ रोजी फ्लोरिडाजवळ ‘क्राउन प्रिन्सेस’ २४ अंशांपर्यंत कलले, जवळपास ३०० जण जखमी झाले, आणि त्या दिवशी समुद्र शांत होता. चूक सुकाणू फिरवण्यात होती. तेव्हा लाटेची उंची हेच धोक्याचे एकमेव माप नव्हे. फर्निचर जखडलेले आहे का, कर्मचारी प्रशिक्षित आहेत का, प्रवाशांना ‘आता खाली बसा’ असे वेळेवर सांगितले गेले का, यावर जखमींची संख्या ठरते.

जहाजच संकटात सापडते तेव्हा बहुधा लाटेला यंत्राच्या बिघाडाची साथ असते. २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्यालगत, हुस्टाडविकाच्या खडकाळ भागात, ‘व्हायकिंग स्काय’ची इंजिने भर वादळात बंद पडली. वंगण तेलाची पातळी कमी होती आणि जहाज डोलताना इंजिनांना तेल पुरेना, असे चौकशीत निघाले. जहाजावर १,३७३ माणसे होती. सुमारे पावणेपाचशे जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावे लागले. कोणाचाही जीव गेला नाही, पण खडक फार दूर नव्हते. अशा जहाजाला सुरक्षित ठेवते ती देखभाल आणि तिच्यावरची सरकारी नजर. पर्यटनाचे उद्दिष्ट दुप्पट करताना तपासणी करणाऱ्या यंत्रणेचे मनुष्यबळही वाढते आहे ना, हे विचारायला हवे.

मराठी मनात समुद्राची जी धास्ती आहे, तिला इतिहास आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या, अलिबागकडच्या कित्येक घरांत आजही तिची आठवण निघते. आजच्या क्रूझ जहाजाशी त्या छोट्या बोटीची तुलना होऊ शकत नाही. आकार, दळणवळण, जीवरक्षक साधने, हवामानाचा अंदाज, सगळेच बदलले आहे. २०१२च्या ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ दुर्घटनेनंतर नियम आणखी कडक झाले. जानेवारी २०१५पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच प्रवाशांना जीवरक्षक कवायतीसाठी जमवावे लागते. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचे, हे तिथे शिकवतात. दुर्दैवाने याच वेळी अनेक कुटुंबे केबिनमध्ये सामान लावत बसतात किंवा फोटो काढत फिरतात. मुलांचे लाइफ जॅकेट वेगळे असते आणि ते मागून घ्यावे लागते, हे त्या वीस-पंचवीस मिनिटांतच कळते.

राहिला प्रश्न बंदर वगळण्याचा. सर्वाधिक भांडणे यावरून होतात. लक्षद्वीपच्या बेटांभोवती प्रवाळाची कडा आहे. मोठे जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना छोट्या बोटीतून न्यावे लागते. स्वेल असेल तर ही छोटी बोट जहाजाच्या दाराशी मीटर-दोन मीटर वर-खाली होत राहते. अशा बोटीत सहा वर्षांच्या मुलीला किंवा गुडघे धरलेल्या आजोबांना उतरवणे म्हणजे त्यांचा पाय जहाज आणि बोटीच्या मध्ये अडकवण्याचा धोका पत्करणे. बेट डोळ्यांसमोर दिसते आहे, वर्षभर साठवलेले पैसे भरलेले आहेत, मुले हिरमुसली आहेत आणि कप्तान म्हणतो, उतरता येणार नाही. राग येणे समजण्यासारखे आहे. तरीही तो निर्णय कप्तानाचाच असला पाहिजे, आणि प्रवाशांच्या गलक्याने किंवा कंपनीच्या फोनने तो बदलता कामा नये.

पण कप्तानाच्या या अधिकाराआड विक्री विभागाने लपू नये. हवामानामुळे मार्ग बदलू शकतो, बंदर वगळले जाऊ शकते, हे कलम करारात असतेच. ते बारीक टायपात, इंग्रजीत, शेवटच्या पानावर असते. ते पैसे घेण्यापूर्वी, ग्राहकाच्या भाषेत, ठळक सांगितले गेले पाहिजे. वगळलेल्या बंदराचे शुल्क आणि तिथल्या सहलीचे पैसे न मागता परत मिळायला हवेत. आणि जहाज सुटण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी प्रत्येक प्रवाशाला एक संदेश जायला हवा: वाटेत लाटा किती मीटरच्या अपेक्षित आहेत, कोणत्या रात्री, आणि बंदर वगळले जाण्याची शक्यता आहे का. अंदाज ‘खवळलेला’ किंवा त्याहून वरचा असेल, तर गरोदर स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले आणि चालताना आधार लागणारे प्रवासी यांना दंड न भरता तारीख बदलू द्यावी. यासाठी नवी यंत्रणा उभारायची नाही. अंदाज तयार आहे, प्रवाशांचे फोन नंबर कंपनीकडे आहेत. जहाजवाहतूक महासंचालनालयाने येत्या दिवाळीच्या हंगामापूर्वी एवढी अट घातली, तर पुष्कळ कुटुंबांना गोळी, केबिन आणि तारीख या तिन्ही गोष्टी घरीच नीट ठरवता येतील.